पोती भरली, पुढे काय? जेटी स्वच्छतेचा एक अभ्यास



बंदी संपायला आता थोडेच दिवस उरलेत. कोणाची बोट रंगवून झाली, कोणाच्या इंजिनाचे काम अजून मेकॅनिककडे अडकलेय, आणि शेडमध्ये सकाळ-संध्याकाळ जाळी दुरुस्तीला माणसे बसलेली आहेत. दर वर्षी याच दिवसांत आपण या पेजवर एक अभ्यासाचा लेख टाकतो. यंदाचा विषय आहे गावच्या लोकांनी गावासाठी फुकट केलेले काम. ते कधी टिकते आणि कधी एका दिवसात संपते, हे आम्ही कमिटीवाल्यांनी थोडे वाचून, थोडे विचारून आणि बरेचसे स्वतः चुकून शिकलो. ते इथे मांडतो. जरा लांब आहे, पण पूर्ण वाचा. रविवारच्या सभेत यावरच बोलायचे आहे.

आधी आमची चूक सांगतो.

दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी आपण जेटी आणि किनारा साफ केला होता. हा दिवस जगभर किनारा स्वच्छतेचा दिवस म्हणून पाळतात, आपल्याकडे तटरक्षक दलही त्यात पुढे असते. त्या दिवशी शाळेची मुले आली, मासळी विकणाऱ्या बायका आल्या, बोटमालक आले, हातमोजे वाटले, नाश्ता झाला. अकरा वाजेपर्यंत सत्तरच्या आसपास पोती भरली. फोटो अजून याच पेजवर आहेत, खाली सरकवत गेलात तर सापडतील. सगळे हसताहेत.

फोटोत जे दिसत नाही ते असे. पोती बर्फाच्या खोलीमागे रचून ठेवली. दुपारी गाडी येणार होती, ती आली नाही. सोमवारी फोन केला तर 'उद्या' म्हणाले. दुसरा फोन केला तर ओला आणि सुका एकत्र भरलाय, असा कचरा घेत नाही म्हणाले. त्यांचे तेवढे खरे होते. आम्ही माशाचे डोके, तंगूस, बाटल्या, थर्माकोल सगळे एकाच पोत्यात कोंबले होते. आठ-दहा दिवसांत कुत्र्यांनी पोती फाडली. मग परतीचा पाऊस आला आणि अर्धे पुन्हा नदीत गेले. म्हणजे किनाऱ्यावर पसरलेला कचरा आपण मेहनत करून एका ठिकाणी आणला आणि पुराबरोबर एकदम सोडून दिला.

पुढची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. त्याच हंगामात आपल्यातली एक बोट पहाटे परत येताना नदीच्या तोंडावर पंख्यात दोर अडकून बंद पडली. भरती-ओहोटीचा जोर, बाजूला वाळूचा दांडा, बोटीवर सहा माणसे. एक खलाशी कंबरेला दोर बांधून, सुरी घेऊन पाण्यात उतरला आणि त्याने तो गुंता कापला. गुंत्यात दोर होता आणि आपल्या स्वच्छतेच्या दिवसाचे पोतेही होते. पोत्यावर आपल्या संस्थेचा शिक्का होता. हे आम्ही सभेत सांगितले नव्हते. आज सांगतोय.

त्यानंतरच्या वर्षी स्वच्छतेला बारा माणसे आली. न आलेल्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

स्वयंसेवा हा शब्द नवा असेल, काम जुने आहे. रापण ओढताना कोण कोणाला आमंत्रण देतो? दोराला हात लावला की निघताना मूठभर तरी मासळी मिळते, हे लहान पोरालाही ठाऊक असते. गोव्यातल्या खाजन जमिनी पिढ्यान्‌पिढ्या याच तऱ्हेने राखल्या गेल्या. नदीचे खारे पाणी शेतात येऊ नये म्हणून मातीचे बांध, पाणी आत-बाहेर सोडायला मानस, आणि बांधाला भगदाड पडले की रात्र असो वा पाऊस, माणसे धावायची. कारण उघड आहे, सकाळपर्यंत थांबले तर भात गेले. कचऱ्याचे तसे नाही. बाटली पाण्यात गेली म्हणून कोणाचे त्या रात्री काही बुडत नाही. बुडते ते दुसऱ्याचे, दुसऱ्या दिवशी, आणि कोणाच्या बाटलीमुळे ते कळत नाही. म्हणून 'पूर्वी माणसे कशी एकत्र यायची' असे नुसते उसासे टाकून हे काम होणार नाही. ते बसवावे लागते.

ते बसवलेले एक ठिकाण आपल्याच अरबी समुद्रावर आहे. केरळातल्या कोल्लम जिल्ह्यात नींडकरा नावाचे बंदर आहे, अष्टमुडी तलावाचे पाणी समुद्राला मिळते त्या तोंडावर. मोठे ट्रॉलर बंदर, आपल्यासारखीच माणसे, आपल्यासारखीच जाळी. तिथेही रोज जाळ्यात मासळीबरोबर प्लॅस्टिक यायचे. ते काय करायचे? आपण करतो तेच. मासळी वेगळी काढून उरलेले परत समुद्रात. पुढच्या फेरीला तेच प्लॅस्टिक दुसऱ्याच्या जाळ्यात.

२०१७ साली तिथे 'शुचित्व सागरम्' नावाची योजना सुरू झाली. नावाचा अर्थ स्वच्छ समुद्र. तेव्हाच्या मत्स्यव्यवसाय मंत्री जे. मर्सीकुट्टी अम्मा यांनी ती पुढे नेली, आणि बोटमालकांची संघटना, सरकारी खाती व इतर संस्था त्यात आल्या. बोटीवाल्यांकडे मागणे एवढेच होते की जाळ्यात आलेले प्लॅस्टिक परत टाकू नका, दिलेल्या पिशवीत भरून बंदरात आणा. त्यासाठी वेगळी फेरी नाही, वेगळा दिवस नाही, डिझेल नाही. पहिल्या दहा महिन्यांत अशा रीतीने सुमारे २५ टन कचरा समुद्रातून बाहेर आला. त्यातल्या १० टन तर नुसत्या पिशव्या आणि बाटल्या.

पण आमच्या मते नींडकराचे खरे शहाणपण जेटीवर आहे. पिशवी उतरल्यावर ती कुठे जाणार हे आधी ठरले होते. बंदरातच प्लॅस्टिकचे तुकडे करणारे यंत्र बसवले. मच्छीमार कुटुंबातल्या बायका आलेला माल निवडायच्या, धुवायच्या, वाळवायच्या आणि मग तो यंत्रात जायचा. तयार झालेला चुरा रस्त्याच्या डांबरात वापरायला दिला जायचा. (ही डांबराची पद्धत मदुराईच्या त्यागराजर इंजिनीअरिंग कॉलेजचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांची. तापलेल्या खडीवर प्लॅस्टिकचा चुरा टाकला की तो वितळून खडीला पातळ थरासारखा चिकटतो, मग त्यावर डांबर. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली.)

आणखी एक, याच्यावर रविवारी वाद होणार हे माहीत असूनही लिहितो. नींडकराला निवडणाऱ्या बायकांना कामाचे पैसे मिळायचे. बोटीवाले पिशवी फुकट आणायचे, कारण त्यांची फेरी होणारच असते. निवडणाऱ्या बाईचा मात्र दिवस जातो. या दोन गोष्टी एक नाहीत.

आपल्याकडे मागच्या वर्षी हा विषय निघाला तेव्हा कमिटीतच कोणीतरी म्हणाले, 'बायका रोज सकाळी जेटीवर येतातच, अर्धा तास निवडून देतील.' तेव्हा मासळी विकणाऱ्या एका मावशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, 'तुमची सेवा आणि आमचा खाडा?' आम्ही गप्प बसलो. बाजारात पहिली टोपली कोण मांडते यावर त्यांच्या दिवसाची कमाई असते. अर्धा तास उशीर म्हणजे कोपऱ्यातली जागा. त्यांच्याकडून आपण फुकट अर्धा तास नाही, दिवसाची चांगली जागा मागत होतो.

तीच गोष्ट खलाशांची. मालक सभेत हात वर करून 'माझी बोट पिशवी आणील' म्हणतो, टाळ्या घेतो. समुद्रात पिशवी भरणारा हात कोणाचा? ओडिशातून, झारखंडातून, कर्नाटकातून आलेल्या पोराचा. रात्रभर जाळे ओढून झाल्यावर मासळी निवडताना प्लॅस्टिक बाजूला ठेवणे हे त्याचे वाढीव काम. त्याला सभेला कोणी बोलावले नव्हते. म्हणून यंदा आमचे म्हणणे आहे की मालकाने नाव देण्याआधी तांडेलाला आणि खलाशांना विचारावे, आणि पिशवीतल्या मालाचे जे काही पैसे येतील ते बोटीवरच्या माणसांचे. मालकांनी त्यात वाटा धरू नये. रक्कम फार मोठी नसणार, पण ती कोणाची हे आधी बोललेले बरे.

आता थोडा मालाचा अभ्यास. सगळे प्लॅस्टिक एक नसते हे आपल्याला हाताने ठाऊक आहे, तरी आकड्यांत बघू. समुद्राच्या एक लिटर पाण्याचे वजन साधारण १.०२५ किलो. नायलॉन, म्हणजे आपले तंगूस आणि बरीचशी जाळी, त्याच मापाने १.१४. म्हणजे पाण्यापेक्षा जड. म्हणून बोया तुटलेले किंवा सोडून दिलेले नायलॉनचे जाळे तळाला जाते आणि तिथे मासे, कुर्ल्या मारत राहते. मालक नसलेले जाळे, कोणाच्या पोटात न जाणारी मासळी. नायलॉन कुजत नाही, त्यामुळे हे काम ते वर्षानुवर्षे करते. याला भुताचे जाळे म्हणतात ते उगाच नाही.

उलट पॉलिप्रॉपिलीनचा दोर, तो निळा-हिरवा स्वस्त मिळतो तो, ०.९० च्या आसपास. एचडीपीईची जाळी ०.९५. दोन्ही पाण्यापेक्षा हलके, त्यामुळे तरंगतात. पंख्यात अडकतो तो बहुधा हा दोर. कापून फेकलेला हातभर तुकडा छोटा वाटतो, पण असे चार तुकडे आणि एक पिशवी एकमेकांत गुंतली की शाफ्ट थांबतो. थर्माकोलचे सांगायलाच नको. पेटी फुटली की तिचे दाणे होतात, आणि ते दाणे कोणत्याही जाळ्यात, कोणत्याही झाडूला सापडत नाहीत. म्हणून थर्माकोल पेटी फुटायच्या आधी परत आणली तरच उपयोग.

हे एवढे सांगायचे कारण असे की वेगळे ठेवले तर यातल्या काहींना गिऱ्हाईक आहे. स्वच्छ नायलॉन जाळे वितळवून पुन्हा नायलॉन करता येते. दोर आणि एचडीपीई जाळी यांचेही तसेच. मिसळले, त्यात माशाचे खवले आणि वाळू गेली, की तोच माल कोणी हात लावत नाही. आपल्या सत्तर पोत्यांचे तेच झाले. बोटीवर चार पिशव्या ठेवणे कोणाला जमणार नाही, हे आम्ही समजतो. दोन जमतील. एकात जाळे आणि दोर, दुसऱ्यात बाकी सगळे.

कायद्याचेही एक वाक्य. जहाजांच्या प्रदूषणावर 'मार्पोल' नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्याचे पाचवे परिशिष्ट ३१ डिसेंबर १९८८ पासून लागू आहे. त्यात समुद्रात प्लॅस्टिक टाकायला पूर्ण बंदी आहे आणि नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्याची जाळी व दोर नाव घेऊन लिहिलेले आहेत. मोठ्या जहाजांसाठी असेल असे समजून आपण सोडून देतो. मासेमारीच्या बोटी त्यातून सुटलेल्या नाहीत.

दुसरे उदाहरण मुंबईचे आहे. वर्सोव्याला मोठा कोळीवाडा आहे, आपल्यातल्या काहींचे तिथे येणे-जाणेही असेल. ऑक्टोबर २०१५ मध्ये तिथे राहायला आलेले वकील अफरोज शाह आणि त्यांचे ८४ वर्षांचे शेजारी हरबंश माथुर अशी दोन माणसे किनाऱ्यावर कचरा उचलायला उतरली. दोनच. पुढे दर शनिवार-रविवारी माणसे वाढत गेली, कोळी बांधव आले, शाळा-कॉलेजची मुले आली, सिनेमावालेही आले. २०१६ साली संयुक्त राष्ट्रांनी शाह यांना पर्यावरणासाठीचा 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' हा मोठा पुरस्कार दिला.

सगळे इथपर्यंतची गोष्ट सांगतात. आम्हाला कामाची वाटली ती पुढची. नोव्हेंबर २०१७ मध्ये, १०९ आठवडे झाल्यावर, शाह यांनी काम थांबवत असल्याचे जाहीर केले. कारणे दोन दिली. स्वयंसेवकांना काही गुंड शिवीगाळ करत होते, आणि गोळा केलेला कचरा वेळेवर उचलला जात नव्हता, ढीग किनाऱ्यावरच पडून राहत होते. वाचताना आम्हाला बर्फाच्या खोलीमागची आपली पोती आठवली. एवढा पुरस्कार, एवढी माणसे, आणि अडले कुठे तर गाडीवर! पुढे सरकारकडून आश्वासन मिळाले आणि काम पुन्हा सुरू झाले. मार्च २०१८ मध्ये त्याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्ले वाळूतून निघून समुद्राकडे जाताना दिसली. कित्येक वर्षांत तिथे कोणी कासवाचे पिल्लू बघितले नव्हते. आपल्या मोरजीला कासवे येतात, त्यामुळे आपल्याला त्याचे अप्रूप कमी. वर्सोव्याच्या लोकांना किती वाटले असेल!

आणखी एक गोष्ट वर्सोव्याची. त्यांनी नुसता किनारा नाही उचलला, वस्तीतली सार्वजनिक संडासेही घासली. कोणी म्हणेल समुद्राच्या कचऱ्याशी याचा काय संबंध. पण लोकांना 'कचरा टाकू नका' सांगायला जाण्याआधी त्यांची रोजची अडचण हातात घेतली, की मग ऐकून घेतात. आपल्या जेटीवरचा नळ दीड वर्ष गळतो आहे आणि बायकांच्या संडासाला कडी नाही. आम्ही प्लॅस्टिकवर भाषण करत होतो तेव्हाही ती नव्हती. ही कडी परवा बसवली. नळाचे काम चालू आहे.

तर यंदा काय करायचे? आम्ही मोठा दिवस ठेवणार नाही. सप्टेंबरच्या शनिवारी कोणी बोलावले तर जाऊ, मुलांना त्यात आनंद वाटतो, वाटू दे. पण संस्थेची ताकद तिथे घालवायची नाही.

आधी जागा केली. बर्फाच्या खोलीमागे पत्र्याची छोटी शेड घातली, जमिनीपासून दोन हात उंच, तीन बाजूंनी जाळी, म्हणजे कुत्रे आणि पाऊस दोन्ही बाहेर. मग गिऱ्हाईक शोधले. जाळी आणि दोर नेणारा एक भंगारवाला तयार आहे, मात्र वाळवून, माती झटकून हवे म्हणतो. उरलेला सुका कचरा पंचायतीच्या ठरलेल्या दिवशी जाईल, आणि त्या दिवशी गाडीपाशी कमिटीतला एक माणूस उभा राहील. गाडी नाही आली तर फोन त्याने करायचा, सगळ्यांनी नाही. मागच्या वेळी सात जणांनी सात फोन केले आणि प्रत्येकाला वेगळे उत्तर मिळाले.

आणि सगळ्यात शेवटी पिशव्या. त्या जुन्या जाळ्यांच्याच शिवून घेतल्या आहेत, म्हणजे पाणी गळून जाते आणि डेकवर घाण साचत नाही. सुरुवात फक्त आठ बोटींनी करायची आहे. सगळ्यांनी एकदम नाव देऊ नका. आठ बोटींचा माल महिनाभर शेडमधून नीट बाहेर जातो का ते बघू, मग पुढच्या आठ.

राहिला निवडणाऱ्या बायकांच्या पैशांचा प्रश्न. भंगाराच्या पैशात ते भागणार नाही, हिशोब करून बघितला. आमच्यासमोर दोन वाटा आहेत. एक, प्रत्येक बोटीकडून लँडिंगमागे थोडी रक्कम. दुसरी, संस्थेच्या डिझेल व्यवहारातून जो नफा राहतो त्यातला हिस्सा. पहिल्यात लहान होडीवाल्यांवर भार येतो, दुसऱ्यात ज्यांची डिझेलवर बोट चालत नाही ते विचारतील की आमच्या नावाने खर्च का. कमिटीत तीन जण एका बाजूला, चार दुसऱ्या. म्हणून हे सभेत ठरेल. ज्या दोघी-तिघी काम करायला तयार आहेत त्यांनाही बोलावले आहे, आणि दर त्यांनीच आधी सांगायचा आहे.

सभा रविवारी संध्याकाळी साडेचार वाजता, संस्थेच्या हॉलमध्ये. तांडेल आणि खलाशांनी जरूर यावे, हिंदीतून बोलू. आठ बोटींपैकी पाच ठरल्या आहेत, त्यात गुंता कापायला पाण्यात उतरलेला खलाशी ज्या बोटीवर आहे ती पहिली. पिशव्या शेडमध्ये खुंटीला टांगून ठेवल्या आहेत, येऊन बघा, कुठे शिवण उसवतेय असे वाटले तर आत्ताच सांगा.

— आपली कमिटी आणि सेक्रेटरी